शब्दचर्चा : 'मीडियल', 'डिस्टल' पेशंटला मराठीत कसं सांगावं?

खानापूरहून प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. रिपोर्टवर 'डिस्टल रेडियस फ्रॅक्चर' असतं आणि जांबोटीकडची आजी विचारते, "बाय, नेमकं कुठं मोडलंय?" 'दूरस्थ' म्हटलेलं तिला कळत नाही. मीडियलला 'आतलं' आणि लॅटरलला 'बाहेरचं' म्हटलं तर चालेल का?

बेळगावहून उत्तर : ताई, 'आतलं' नको. आपल्याकडं "आतनं दुखतंय" म्हणजे खोलवर दुखतंय. तो अर्थ डीपचा, मीडियलचा नव्हे. दुसरी अडचण मोठी आहे. शरीरशास्त्रातल्या दिशा एकाच स्थितीत ठरवलेल्या असतात : माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढं. या स्थितीत करंगळी शरीराच्या मध्यरेषेकडं येते, म्हणून तिच्या बाजूचं अल्ना हे हाड मीडियल (मध्यरेषेकडचं) आणि अंगठ्याकडचं रेडियस हे हाड लॅटरल (मध्यरेषेपासून लांबचं). पण आजी खाटेवर तळवा पालथा टाकून बसलेली असते. तेव्हा रेडियस अल्नावरून आडवं जातं, अंगठा आतल्या अंगाला येतो, आणि तुमचं 'बाहेरचं हाड' तिला करंगळीकडचं वाटतं.

डिस्टलचंही तसंच. हातापायांत धडाच्या जोडाजवळचं ते प्रॉक्सिमल, लांबचं ते डिस्टल. 'लांबचं' म्हटलं की "कशापासनं लांब?" हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा ठिकाणाचं नाव घ्या : "अंगठ्याकडचं हाड मनगटापाशी मोडलंय." हात कसाही फिरवला तरी हे वाक्य खरंच राहतं. परीक्षेत मात्र अभिमध्य (मीडियल), पार्श्व (लॅटरल), समीपस्थ (प्रॉक्सिमल), दूरस्थ (डिस्टल) यांना पर्याय नाही. ते शब्द नेमके आहेत आणि ते टिकायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

निपाणीहून : सर, आमच्या वॉर्डात निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. त्यांनाही हीच रीत लागू पडते. अंगठा म्हणजे हेब्बेरळु, करंगळी म्हणजे किरुबेरळु, आणि बाजूला कन्नडातही 'कडे'च म्हणतात. "हेब्बेरळिन कडे" म्हटलं की लगेच कळतं. पायाला तर आपल्याकडं तयार शब्द आहेत. पुढची ती नडगी, मागची ती पोटरी. अँटीरियर-पोस्टीरियर सांगायची गरजच पडत नाही.

खानापूरहून : म्हणजे पायालाही 'अंगठ्याकडं' म्हणजे लॅटरलच ना?

बेळगावहून : नाही ताई, इथं उलटं होतं. पायाचा अंगठा मध्यरेषेकडं असतो, म्हणून पायात अंगठ्याची बाजू मीडियल. घोट्याची अंगठ्याकडची गाठ टिबियाची म्हणजे नडगीच्या हाडाची, करंगळीकडची फिब्युलाची म्हणजे त्याच्या शेजारच्या बारीक हाडाची. आजीला सांगताना "अंगठ्याकडं" दोन्हीकडं चालेल. चार्टवर लिहिताना हात की पाय ते आधी बघा. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं, समोर उभ्या असलेल्या तुमचं नव्हे.