विहिरीत निघालेला सुळा लिस्ट्रोसॉरसचा असेल का?

केळीबाग, सावदा:
राम राम मंडळी. विहीर खोल करतोय. काळ्या दगडाच्या पोकळीत बोटाएवढं पांढरं, टोकदार काहीतरी निघालं. सातवीतली पोरगी म्हणते, "पप्पा, हा लिस्ट्रोसॉरसचा सुळा!" तिच्या पुस्तकात चित्र आहे: डुकरासारखं बुटकं अंग, कासवासारखी चोच, दोन सुळे. खाली लिहिलंय, हा डायनासोर नाही, सस्तन प्राण्यांच्या नात्यातला आहे. नावात तर सॉरस आहे. मग नातं कसं?

तापीकाठचा मास्तर:
भाऊ, पोरीला कानशिलावर बोटं ठेवून कळण्याची भाकरी चावायला सांगा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा स्नायू. त्याच्यासाठी कवटीत डोळ्यामागे खिडकी असते. डायनासोरांना दर बाजूला दोन, लिस्ट्रोसॉरसला एक. आपलं घराणंही एका खिडकीचंच. गालाचं हाड ही तिची खालची चौकट. या घराण्याला सिनॅप्सिड म्हणतात. सॉरस म्हणजे सरडा. १८७० मध्ये पडलेलं नाव तसंच राहिलं.

मात्र तो आपला पूर्वज नव्हे, चुलत शाखेतला. तो डायसिनोडॉंट, म्हणजे दोन सुळ्यांचा. सस्तन प्राणी सायनोडॉंट शाखेतून आले. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बहुतेक जीव संपले, त्यातून हा तगला. त्याची हाडं दक्षिण आफ्रिकेत, चीनमध्ये आणि आपल्या दामोदर खोऱ्यातल्या पंचेत खडकांत मिळतात. १९६९ मध्ये अंटार्क्टिकातही मिळाली. असला जमिनीवरचा जीव समुद्र पोहून जाणार नाही. तेव्हा हे भूभाग जोडलेले होते. मला हा पुरावा सगळ्यात सुंदर वाटतो.

आता सुळा. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लिस्ट्रोसॉरस त्याच्या अठरा कोटी वर्षं आधीचा. त्या पोकळीत त्याचा दात कुठून येणार? लाव्हाच्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढतात. बाजू सपाट, चकचकीत आहेत का, बघा.

केळीबाग, सावदा:
सर, तसंच आहे. उन्हात धरलं की चमकतं. पोरगी हिरमुसली. विचारते, लाव्हाच्या खाली खणलं तर?

तापीकाठचा मास्तर:
आपल्याकडे थर फार जाड आहेत बेटा. पण गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात जुने खडक उघडे आहेत. तेलंगणातल्या यर्रापल्लीच्या थरांत त्याचाच भाऊबंद, वाडियासॉरस, सापडला आहे. स्फटिक मात्र जपून ठेव, कापसात गुंडाळून. टोकं लगेच मोडतात.