मदत हवी आहे: स्वतः कंपाइल केलेला कर्नल बूटच होत नाही

मंडळी, नमस्कार.

लॅपटॉप जुना आहे: चार कोर, ८ जीबी रॅम, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून बसवलेली एसएसडी. उबंटू टाकताना डिस्क एनक्रिप्ट केली होती. आता हौस म्हणून लिनक्सचा सोर्स उतरवून कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल करायला घेतला.

/बूट मधली चालू कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) उचलली, मेक ओल्डडेफकॉन्फिग मारलं. सुरुवातीलाच कॅनोनिकलची (उबंटूवाल्या कंपनीची) पेम, म्हणजे सर्टिफिकेटची फाइल सापडेना म्हणून बिल्ड अडलं. ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज या दोन्ही ओळी रिकाम्या केल्यावर सुटलं. मेक -जे४ लावून झोपलो, तर सकाळी गुरुवार, म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार! धायरीत लाइट गेली, आणि बॅटरी कधीच मेलेली. (मेक उरलेल्या फाइलींपासून पुढे चालू होतं, तेवढं नशीब.)

मॉड्यूल्स_इन्स्टॉल नीट झालं. मेक इन्स्टॉल शेवटी काहीतरी कुरकुरलं, पण /बूट मध्ये नवीन व्हीएमलिनझ (कर्नलची फाइल) दिसलं म्हणून हातानेच अपडेट-ग्रब (बूट मेन्यू ताजा करणारी कमांड) मारलं. रीस्टार्ट केल्यावर:

कर्नल पॅनिक: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

डिस्कचा पासवर्डसुद्धा विचारत नाही. जुना कर्नल व्यवस्थित चालतो. मेन्यूकॉन्फिगमध्ये एसएसडीचा ड्रायव्हर एम (वेगळं मॉड्यूल) ऐवजी वाय (कर्नलमध्येच) करू का?

प्रतिसाद:
ड्रायव्हर वाय करून उपयोग नाही. डिस्क एनक्रिप्टेड आहे. पासवर्ड विचारून ती उघडण्याचं काम इनिटआरडी (बूट होताना आधी मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) करते. ते कुरकुरणं वाचायला हवं होतं हो! /बूट मध्ये नव्या कर्नलची इनिटआरडी आहे का? आणि डीएफ -एच (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) काय म्हणतं?

धागाकर्ता:
इनिटआरडी नाही. /बूट ९० टक्के भरलंय.

प्रतिसाद:
मग तेच. उबंटूच्या कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो (चुका शोधण्यासाठीची जादा माहिती) चालू असते, त्यामुळे मॉड्यूल्स फुगतात आणि त्यांची इनिटआरडी कित्येकशे एमबीची होते. जागा संपली की ती बनतच नाही. पुन्हा कंपाइल करू नका. सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल मारा (याने मॉड्यूल्समधली डीबग इन्फो निघून जाते), मग परत मेक इन्स्टॉल. या वेळी शेवटच्या ओळी वाचा.

धागाकर्ता:
पासवर्ड विचारला, आत आलो! लाख धन्यवाद. आता जागेसाठी जुना कर्नल उडवू का?

प्रतिसाद:
राहू द्या. पुढच्या गुरुवारी लागेल.