रेल्वेचा माल : स्वस्तातलं विमान की महागडं जहाज?

ऱ्हाईनकाठचा_कराडकर

गेली पाच वर्षं मी जर्मनीत ड्युसबर्गजवळ सायकलला अडकवायच्या वॉटरप्रूफ पिशव्या विकतो. माल चीनमधून येतो. सुरुवातीला जहाजाने मागवायचो, एकदा घाईत विमानाने मागवला, आणि गेले पाच लॉट शीआनहून रेल्वेने आणले. माझं मत स्पष्ट आहे : माझ्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याने विमानाच्या नादी लागू नये. रेल्वेच बरी.

आकडेच देतो. एका लॉटमध्ये ४० खोकी, प्रत्येक खोकं ६० × ४० × ५० सेंटिमीटर, वजन ११ किलो. काट्यावर झाले ४४० किलो. पण विमानवाला काटा बघत नाही, टेप लावतो. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले ६०००, म्हणजे खोक्याला २० किलो. ४० खोक्यांचे ८०० किलो. पिशव्यांतल्या हवेचंच भाडं ३६० किलोंचं! ४.६० युरो किलोने ३,६८० युरो झाले. खोक्यात २० पिशव्या, म्हणजे पिशवीमागे ४.६० युरो फक्त भाडं, आणि पिशवी मला पडते ९ युरोला.

तोच माल रेल्वेने दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये टाकून, ड्युसबर्गच्या टर्मिनलवरून गोदामापर्यंत, सगळं धरून १,१८० युरोत आला. पिशवीला दीड युरो. जहाजाने साधारण ८० सेंट पडले असते, पण दीड-दोन महिने पैसे पाण्यावर तरंगत राहिले असते.

चीनमधल्याच चोंगचिंग ते ड्युसबर्ग ही गाडी २०११ पासून धावते आहे, म्हणजे मार्ग काही कालचा नाही. कुणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

सहार_कार्गो

कराडकर, हिशेब चोख, पण अर्धा. मुंबई विमानतळावर बावीस वर्षं क्लिअरिंगचं काम करतोय, म्हणून बोलतो.

विमानाचं भाडं किलोवर बघू नका, अडकलेल्या पैशांवर बघा. माल चौथ्या-पाचव्या दिवशी हातात, त्या आठवड्यात विकायला सुरुवात. शिवाय लॉट लहान मागवता येतो. तुम्ही ८०० पिशव्या मागवता कारण वाहतूक लांबची आहे. विमान असेल तर २०० मागवा, रंग खपला नाही तर नुकसान २०० चंच. न खपलेल्या हिरव्या पिशव्यांचं गोदामभाडं तुमच्या दीड युरोत कुठे धरलंय?

आणि हमी. २८ डिसेंबर २०२४ पासून विमान कंपनीची जबाबदारी किलोमागे २६ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झाली, आधी २२ होती. तुमच्या ४४० किलोंना तेवढ्यात जवळपास पूर्ण संरक्षण मिळतं. तुमची गाडी पाच-सहा देशांतून येते. वाटेत खोकं फुटलं तर कुणाच्या दारात जाऊन बसणार?

इकडच्या आयातदारांसाठी जाता जाता : भारतात विमानाने माल आणला तर ड्युटीसाठी धरायचं भाडं एफओबी किमतीच्या (म्हणजे निर्यातीच्या जागी माल चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्क्यांच्या वर धरत नाहीत, मूल्यांकन नियम २००७, नियम १०(२). दोन लाखांचा माल आणि दीड लाख हवाई भाडं असेल तर ड्युटीच्या हिशेबात भाडं फक्त चाळीस हजार. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं आणि त्यांचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचा एजंट, आपणहून सांगत नाही.

वॉर्साची_सून

मी पोलंडमध्ये फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, नोकरी करते, रोज याच गाड्यांच्या मागे असते. आधी एक किरकोळ चूक. कराडकरदादा, तुमचं कोटेशन 'एफओबी शीआन' असं असेल तर ते बदलून घ्या. एफओबी फक्त जहाजाला. रेल्वेला आणि विमानाला एफसीए, म्हणजे ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या हाती द्यायचा. माल विक्रेत्याकडून वाहतूकदाराच्या ताब्यात कुठे गेला हे त्यावर ठरतं, आणि शीआनच्या यार्डात खोकी भिजली तर भांडण तिथूनच सुरू होतं.

आता मूळ मुद्दा. अंतर सुमारे ११ हजार किलोमीटर, पण वेळ अंतरात जात नाही. चीनचा रूळ १४३५ मिलिमीटर, कझाकस्तान-रशिया-बेलारुसचा १५२०, आणि पोलंडमध्ये पुन्हा १४३५. म्हणजे कंटेनर दोनदा क्रेनने उचलून एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर ठेवायचे, एकदा चीन-कझाकस्तान सीमेवर खोरगोस किंवा दोस्तिकला, दुसऱ्यांदा बेलारुस-पोलंड सीमेवर ब्रेस्त-मावाशेविचेला. रुंद रुळावरच्या गाड्या लांबलचक, आमच्याकडच्या आखूड. तिकडून एक गाडी आली की इकडे एकीत मावत नाही. वॅगन नाही, इंजिन नाही, ड्रायव्हरची शिफ्ट संपली, काहीतरी एक असतंच. स्क्रीनवर आमचा कंटेनर 'ब्रेस्त'ला येतो आणि चार दिवस तिथेच बसतो. गिऱ्हाईक फोन करतं, "मॅडम, जीपीएस बिघडलाय का?" जीपीएस ठणठणीत असतो हो.

म्हणून "रेल्वेला १६ दिवस" असं कुणी सांगितलं तर मनात २५ धरा. माल चांगला असेल तर २५ दिवसही वाईट नाहीत. मी रेल्वेच्या विरोधात नाही, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या विरोधात आहे.

गलबतवाला

दोघांचंही चुकतंय. 😄 रेल्वे म्हणजे ना धड विमान ना धड जहाज.

मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं तेव्हा सगळ्यांना रेल्वेचं प्रेम आलं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून दहा-बारा दिवस जास्त घेऊ लागली, तेव्हा पुन्हा आलं. पण बघा, समुद्र बंद पडला तर दुसरी वाट निघाली. रेल्वेचं फाटक एकच. ते लागलं की गाडी मागेही जात नाही.

आणि विमा? रशियातून जाणारा माल म्हटलं की माझा विमा एजंट आवाज बदलतो. पॉलिसीत बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा एकदा.

ऱ्हाईनकाठचा_कराडकर

फाटकाचं बोललात म्हणून सांगतो. पाचवा लॉट २४ ऑगस्ट २०२५ ला शीआनहून निघाला. जर्मनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात ओली थंडी सुरू होते, शाळेत जाणारी मुलं-आईबाप तेव्हाच पिशव्या घेतात. माल बेलारुसपर्यंत आला आणि १२ सप्टेंबरला पोलंडने बेलारुसची सीमा बंद केली, पलीकडे लष्करी सराव होता म्हणून. २५ सप्टेंबरला उघडली. पण उघडली म्हणजे काय, पुढे गाड्यांची रांगच रांग. माझी खोकी ८ ऑक्टोबरला गोदामात आली. ४५ दिवस. जहाजाने बोलावलं असतं तरी चाललं असतं, आणि सव्वानऊशेच्या आसपास युरो घालून २०० पिशव्या आधी विमानाने आणल्या असत्या तर मोसम हुकला नसता. हे मी लपवत नाही.

तरी मागचे चार लॉट १९ ते २३ दिवसांत आले होते. पाचातला एक फसला म्हणून वाट सोडायची?

सहारवाले साहेब, लहान लॉटचं तुमचं बरोबर, पण माझा कारखानदार ५०० पिशव्यांच्या खाली शिवतच नाही.

तिरपागडा

भाड्याचं सगळं ठीक. पण त्या भाड्यातला एक हिस्सा रशियन रेल्वेला जातो, ते कुणी बोलायचं? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर बऱ्याच युरोपीय कंपन्यांनी ही वाट मुद्दाम सोडली. पैसे वाचतात म्हणून आपण डोळे मिटायचे का?

ऱ्हाईनकाठचा_कराडकर

रास्त प्रश्न आहे. मी रशिया टाळणाऱ्या, कॅस्पियन समुद्रावरच्या वाटेचा भाव मागवला होता : कझाकस्तानचं अक्ताऊ बंदर, तिथून फेरीने बाकू, पुढे जॉर्जिया. दर जवळपास दीडपट आणि मुदत "हवामानावर अवलंबून". फेरी वारा सुटला की थांबते. ४० खोक्यांच्या माणसाला ते जमत नाही. मोठ्यांनी आधी जावं, मग वाट स्वस्त होईल. हे उत्तर पुरेसं नाही, ते मलाही कळतं.

तिरपागडा

नाहीच पुरेसं. पण सरळ बोललात, तेवढं मान्य.

कांदेवाला_निफाड

आपल्याकडचं एक उलटं उदाहरण. गलबतवाले म्हणतात रेल्वेचं फाटक एकच. मे २०२० मध्ये बांगलादेशाकडे जाणारे ट्रक बंगालच्या सीमेवर पेट्रापोलला अडकून पडले होते, करोनाच्या भीतीने ड्रायव्हर पलीकडे सोडत नव्हते. तेव्हा लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला गेली. शंभर ट्रकांचे शंभर ड्रायव्हर सीमेपलीकडे नेण्यापेक्षा एक गाडी नेणं सोपं पडलं. तिकडच्या व्यापाऱ्याला आयातीचा कांदा मिळाला, आमचा इथे सडला नाही. म्हणजे अडचणीत रस्ता बंद आणि रूळ चालू, असंही होतं.

सहार_कार्गो

कांदेवाले भाऊ, मान्य. पण चीनच्या मालाला भारतात रेल्वेची वाटच नाही, मध्ये हिमालय उभा आहे. रशियाकडून येणाऱ्या मालाला आहे म्हणतात : जुलै २०२२ मध्ये ३९ कंटेनरांची गाडी कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान करत इराणच्या सरख्सला पोचली, पुढे बंदर अब्बासहून जहाजाने न्हावा शेवाला यायची होती. याच मार्गाच्या पश्चिमेकडच्या फाट्यावर इराणमधल्या रश्त ते अस्तारा या १६२ किलोमीटरचा रूळच नाही. या मार्गाचा करार २००० चा आहे. गिऱ्हाइकाला मी काय सांगू, नातवाच्या लग्नापर्यंत थांबा?

वॉर्साची_सून

दादा, एक महत्त्वाचं राहिलं. ते १,१८० युरो कुणाच्या नावावर आणि कशावर? 'डीडीपी, ड्युटीसकट दारात' असं चिनी एजंटने दिलं असेल तर सावध राहा. स्वस्त रेल्वेचा खरा सापळा तिथेच आहे. कस्टम्सच्या कागदावर आयातदार म्हणून कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीचं नाव घालतात, किंमत कमी दाखवतात. मग जर्मनीतला १९ टक्के आयात व्हॅट तुमच्या नावावर भरलेलाच नसतो, म्हणून तुम्ही तो वळता करून घेऊ शकत नाही. आणि उद्या चौकशी आली की ती कंपनी गायब, माल मात्र तुमच्या गोदामात. माझ्याकडे असे तिघे येऊन गेले, तिघेही म्हणाले "एजंट फार चांगला माणूस होता".

सरळ रीत ही : तुमचा स्वतःचा ईओआरआय नंबर (युरोपच्या कस्टम्सकडची तुमची नोंद), मावाशेविचेहून ड्युसबर्गपर्यंत टी-वन कागद (म्हणजे सीमेवर ड्युटी न भरता सीलबंद माल आत नेता येतो), आणि क्लिअरन्स ड्युसबर्गला तुमच्याच नावाने.

ऱ्हाईनकाठचा_कराडकर

टी-वन होता, नाव माझंच होतं, व्हॅट वळता झाला. पण दुसऱ्या लॉटला एजंटने डीडीपीच देऊ केलं होतं, ९५० युरोत. हो म्हणता म्हणता राहिलो. आत्ता कळलं कशातून वाचलो.

गलबतवाला

मग पुढचा लॉट कशाने? ते सांगा की.

ऱ्हाईनकाठचा_कराडकर

सायकलींचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो. ६०० पिशव्या डिसेंबरात जहाजाने, तुमच्या मनासारखं. त्याच ऑर्डरीतल्या उरलेल्या २०० रेल्वेने फेब्रुवारीत, रंग बघून. विमान नाही. आणि कोटेशनवर एफसीए, ताईंचं नाव घेऊन मेल आजच टाकली आहे. एजंटचं उत्तर आलं, "एफसीए म्हणजे काय ते सांगा, आम्ही सगळ्यांना एफओबीच देतो."