मुलीचं नाव 'एला': वेलची की आणखी काही?

पाऊलवाट
बारशासाठी 'एला' हे नाव जवळपास ठरलंय. नावांच्या याद्या चाळल्या तर एकीत अर्थ 'वेलची', दुसरीत 'पृथ्वी', तिसरीत 'मनूची मुलगी', चौथीत 'परी'. नक्की काय? शब्द मुळात संस्कृत आहे की इंग्रजी नाव नुसतं देवनागरीत लिहिलंय? आणि रोजच्या हाकेत, कागदपत्रांत काही अडचण येईल का? वेलचीचा अर्थ मनापासून आवडलाय, म्हणून खात्री करून घ्यायची आहे.

कोशकिडा
वेलचीच. निर्धास्त राहा.

'पृथ्वी' आणि 'मनूची मुलगी' हे अर्थ 'इला'चे. इला ही पुरूरव्याची आई, म्हणून त्याला 'ऐल' म्हणतात. रोमन लिपीत दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक, त्यामुळे याद्यांमध्ये इलाचे अर्थ एलाच्या पदरात पडले. इंग्रजी 'एला', म्हणजे गायिका एला फिट्झजेराल्डचं नाव, जुन्या जर्मानिक मुळाचं आहे. हिब्रूतही 'एला' आहे, तिथे ते पिस्त्याच्या जातकुळीतल्या एका झाडाचं नाव. या सगळ्यांचा उच्चार जुळतो, नातं काही नाही.

संस्कृतातला 'एला' हा शब्द दाक्षिणात्य भाषांतून आला असावा, असं भाषाभ्यासक मानतात. तमिळ-मल्याळममध्ये 'एलम्', कन्नडमध्ये 'एलक्की'. झाडच मुळी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या दमट जंगलातलं. इडुक्कीकडच्या डोंगरांना मल्याळममध्ये 'एलमला' म्हणतात. वस्तू जिथली, नावही तिथलं.

कालिदासाच्या 'रघुवंशा'त चौथ्या सर्गात रघूची सेना मलय पर्वताच्या पायथ्याशी पोचते. घोड्यांच्या टापांखाली वेलच्या भरडल्या जातात, त्यांची पूड उडते आणि हत्तींच्या मद झरणाऱ्या गंडस्थळांना जाऊन चिकटते, कारण दोन्हींचा वास सारखा. बारशाच्या पत्रिकेत अर्थ सांगायचा असेल तर माझ्या मते याहून सुंदर दाखला नाही.

काढाघर
एक पुरवणी. आयुर्वेदात नुसतं 'एला' म्हटलं की साधारणपणे लहान हिरवी वेलची, म्हणजे सूक्ष्मैला, घेतात. मसाल्यातली मोठी काळी वेलची ती स्थूलैला किंवा बृहदेला; ते झाडच वेगळं, पूर्व हिमालयाकडचं. दालचिनी, वेलची आणि तमालपत्र मिळून 'त्रिजात', त्यात नागकेशर घातलं की 'चातुर्जात'. तेव्हा हे नाव फक्त खिरीतल्या वासापुरतं नाही, चांगलं जुनं आणि मानाचं आहे.

आणि 'वेलची' या शब्दावरून नावाचा अर्थ 'नाजूक वेल' असा कुणी सांगितला तर मान्य करू नका. वेलची वेलीला लागतच नाही. झाड आल्याच्या कुळातलं, माणसाच्या उंचीच्या वर जाणारं. फुलांचे तुरे मात्र बुंध्यातून निघून जमिनीलगत पसरतात, आणि वेलच्या तिथेच धरतात. तोडणारा मान वर करून नाही, खाली वाकून तोडतो.

सरळवळण
अडचणींचं बोलतो, कारण त्या आत्ताच कळलेल्या बऱ्या.

पहिली उच्चाराची. पुष्कळांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' हा 'ये' होतो, जसं 'एक'चं 'येक'. एलाचं 'येला' होणार, आणि गावाकडच्या बोलीत 'येला' म्हणजे 'याला'. घरच्यांनी पहिल्यापासून स्वच्छ 'ए' म्हटला तर बाकीचेही तसंच म्हणतात. हैदराबादेत राहणार असाल तर हेही माहीत असू द्या: तेलुगूत 'एला' म्हणजे 'कसं'.

दुसरी विभक्तीची. 'एलाला बोलाव' म्हणताना दोन 'ला' एकावर एक येतात आणि जीभ अडखळते. सीतेला, राधेला या जुन्या वळणानं 'एलेला, एलेनं, एलेची' म्हणा. कानाला गोड लागतं.

तिसरी स्पेलिंगची, आणि खरा घोळ इथेच होतो. ई, एल, ए अशी तीनच अक्षरं ठेवा. दोन एल घातले की नाव इंग्रजी समजलं जाईल, सुरुवातीला आय घातला तर इला. जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचा; पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळं त्यावरूनच होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाईनं चुकीचं स्पेलिंग देऊ नका.

पाऊलवाट
'एलेला' फारच आवडलं. पत्रिकेवरून अक्षर बघायचं तर 'ए' कुठे येतं?

कोशकिडा
कृत्तिकेचं चौथं चरण, रास वृषभ. मसाल्यातलंच दुसरं नाव हवं असेल तर 'लवंगिका' बघा: भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकात मालतीची सखी. पण हाक मारायला एलाच सुटसुटीत.