कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानासाठी चालू खातं: कोणती बँक, कोणते कागद?

प्रश्न (गल्लेवाला): दुकान माझ्या एकट्याच्या मालकीचं. निम्मा धंदा रोख, निम्मा क्यूआरवर, सगळं बचत खात्यात जातंय. आता चालू खातं काढायचंय. सहकारी बँक बरी की राष्ट्रीयीकृत?

हिशेबनीस: भावा, आधी कागद. एकट्याच्या फर्मला वेगळा पॅन नसतो, तुझाच चालतो. सोबत आधार आणि दुकानाच्या नावाचे दोन पुरावे: उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) आणि शॉप अॅक्ट (दुकानाची नोंद). कामगार मोजकेच असतील तर शॉप अॅक्टची ऑनलाइन सूचना-पावतीच मिळते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट बंद कर. अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. एका कागदावर ‘फुटवेअर’, दुसऱ्यावर ‘फूटवेअर्स’ असलं की फाईल परत! पाटी, शिक्का, उद्यम, सगळीकडं अक्षरन् अक्षर एकच ठेव.

उद्यमनगरकर: व्याजाचा विचार सोड, चालू खात्यावर ते मिळत नाही. दरपत्रक मागून दोनच आकडे बघ: किमान सरासरी शिल्लक आणि महिन्याला फुकट रोख भरण्याची मर्यादा. तुझा गल्ला रोख, म्हणजे दुसराच आकडा महत्त्वाचा. सहकारी असो वा राष्ट्रीयीकृत, ठेव विमा (बँक बुडाली तर मिळणारी भरपाई) ५ लाखांपर्यंतच. त्याच बँकेत तुझं बचत खातं असेल तर दोन्ही मिळून ५ लाख, कारण मालक एकच. पुढं कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं धंद्याचं कर्ज) हवं असेल तर जी बँक ते देईल तिथंच खातं काढ.

हिशेबनीस: आणि क्यूआर नवीन खात्याला जोडायला विसरू नको, नाहीतर पैसे बचतीतच पडत राहतील.