टर्बो गाडीचं ऑइल पाझरतंय? अनुभव लिहा

रंकाळा_वेस
आज उद्यमनगरातून येताना एका गॅरेजसमोर ऑइलचे थेंब दिसले आणि आमची जुनी डिझेल आठवली. गगनबावड्याचा घाट चढला की बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास यायचा. एकानं सरळ सांगितलं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला, नवीन बसवा. घरात पैशांची जुळवाजुळव सुरू झालेली. मग बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी थंड इंजिन डिग्रीझरनं स्वच्छ केलं, वाळवलं, टर्बोभोवती टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी चालू ठेवली. ऑइल घेऊन येणारा पाइप टर्बोला जोडणाऱ्या बँजो बोल्टखाली पावडर हळूहळू काळी, ओली झाली. त्या बोल्टला पाइपच्या दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वायसर असतो. खालचा दबून कडक झालेला. दोन नवे वायसर घातले, गळती बंद! टर्बो जागचा हललासुद्धा नाही. तुमचंही लिहा.

जोतिबा_डोंगर
आमच्यात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळकं निघालं. ऑइल वरून ओघळत टर्बोवर यायचं, म्हणून सगळे टर्बोलाच धरून बसलेले. ओल खाली दिसली तरी शोध वरूनच सुरू करायचा.

शिरोली_फौंड्री
जेवणाची सुट्टी आहे, पटकन लिहितो. जुना वायसर लालभडक तापवून पाण्यात टाकला की तांबं परत मऊ पडतं, अडल्यावेळी चालतं. पण नवा मिळत असताना कशाला? आणि बँजो बोल्ट पोकळ असतो भावा. लांब पान्यानं ताकद लावली की तुटतोय. टॉर्क पाना घ्याच, त्यात ठरलेल्या जोरानंच आवळता येतं.

कसबा_बावड्याची_सून
भाकरी तव्यावर आहे, थोडक्यात सांगते. आमच्या गाडीत टर्बोतून परत जाणाऱ्या पाइपच्या पॅकिंगला कुणीतरी भरपूर सिलिकॉन थापलेलं. ते आतल्या बाजूनं सुटून पाइप अर्धा बुजला. त्या पाइपातून ऑइल आपल्या वजनानं खाली उतरतं, मागून कुठला पंप ढकलत नाही. वाट अडली तसं ऑइल सीलमधून बाहेर आणि सायलेन्सरमधून निळा धूर. दीर तर इंजिन खोलायलाच निघालेले! पाइप साफ केला, कागदी पॅकिंग नवीन घातलं, धूर गेला. सिलिकॉन लावू देऊ नका, हात जोडून सांगते.

रंकाळा_वेस
वहिनी, हे लाखमोलाचं सांगितलंत. 🙏

गोकुळ_शिरगाव
ब्रीदर, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी, पण बघा. ती चोंदली की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर येतं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तेवढा असतोच. साचलेलं दिसलं तर मात्र शोधा. एअर फिल्टर गच्च भरला तरी टर्बो त्या बाजूनं ऑइल ओढतो.

जोतिबा_डोंगर
मिस्त्री अजून बसतात काय हो? आमच्या मामाचं ऑइल इंजिन त्यांनीच बांधलेलं असणार, ते पावडरचं तिथंच ऐकलेलं.

रंकाळा_वेस
नाही हो, आता थोरला मुलगा बघतो. गुडघ्यांनी बेजार आहेत. संध्याकाळी येऊन खुर्चीत बसतात मात्र.

जोतिबा_डोंगर
नमस्कार सांगा त्यांना.

शिरोली_फौंड्री
आणखी एक. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑइलच्या थरावर तरंगत. घाट चढून वर आल्या आल्या चावी फिरवू नका. मिनिटभर आयडलला, म्हणजे जागेवर नुसती चालू, ठेवा, नाहीतर आतलं ऑइल तिथंच जळून कोळसा धरतं. आणि एक्झॉस्टच्या बाजूला थेंब पडत असतील तर गाडी अजिबात दामटू नका, पेट घेते.

राजारामपुरी_ताई
सगळं वाचलं, उद्याच गाडी दाखवते. पण पार्किंगच्या फरशीवरचे डाग कसे काढायचे? सोसायटीवाले रोज ऐकवतात.

कसबा_बावड्याची_सून
ताई, लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी झाडून कपड्याची पावडर आणि गरम पाण्यानं ब्रश मारा. भुसा वखारीत मागितला की देतात.