लग्नाच्या पत्रिका किती आधी वाटायच्या?

प्रश्न: बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, पुण्यात. आई म्हणते लवकर दिल्या की लोक विसरतात, बाबा म्हणतात आत्ताच छापून टाका. नागपूरचे नातेवाईक बरेच आहेत, नक्की कधी द्यायच्या?

उत्तर १: नागपूरवाल्यांना तारीख आजच फोन करून सांगा. रेल्वेचं रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होतं, आणि तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात मग सगळे एकदम तिकिटांवर तुटून पडतात. छापील पत्रिका महिनाभर आधी दिली तरी चालते.

उत्तर २: पहिली पत्रिका गणपतीला, मग कुलदैवताला, मगच घरोघरी. आणि मामाला नुसती व्हॉट्सॲपवर पाठवू नका हं, आमचे अजून रुसलेत! अक्षता घेऊन घरी जायचं, हातात द्यायची.

उत्तर ३: छापायच्या आधी नावं तिघाचौघांकडून वाचून घ्या. आमच्याकडे आत्याचंच नाव राहिलं, सगळ्या परत छापाव्या लागल्या.

प्रश्नकर्ती: बापरे, आत्या आम्हालाही दोन आहेत. आज रात्रीच यादी काढते.